जुनी मोटरहोम घेतलीय, बेडच्या कोपऱ्यातून पाणी येतंय. आधी कशाला हात घालू?

सातारकर_लान्सिंग

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये लान्सिंगजवळ राहतो. गेल्या सप्टेंबरात एका वयस्कर जोडप्याकडून १९९४ ची क्लास सी मोटरहोम घेतली, म्हणजे पुढे व्हॅनची केबिन, मागे घर आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड येतो ती. २७ फूट, ५८,००० मैल, ७.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, ६,५०० डॉलरला मिळाली. इंजिन एका दमात सुरू होतं, चालवायलाही मस्त आहे.

घेण्याचं कारण आई-बाबा. जूनमध्ये साताऱ्याहून येतायत तीन महिन्यांसाठी. बाबांना दर तासा-दीड तासाने थांबावं लागतं आणि आईला बाहेरचं चालत नाही, मागच्या खेपेला शिकागोला गेलो तर तिने दोन दिवस केळी आणि घरून नेलेल्या दशम्यांवर काढले. म्हटलं आपलं स्वयंपाकघर आणि आपलं टॉयलेट बरोबर असेल तर दोघांना घेऊन वर लेक सुपीरियरपर्यंत निवांत जाता येईल.

आता अडचणी. ऑक्टोबरात दोन दिवस पाऊस लागला आणि वरच्या बेडची गादी डाव्या कोपऱ्यात ओली लागली, तिथला वॉलपेपर पण फुगलाय. दुसरं म्हणजे फ्रीज विजेवर चालतो पण गॅसवर गार होत नाही. तिसरं, पाण्याचा पंप नळ बंद असतानाही रात्री दर दहा-पंधरा मिनिटांनी घर्र करून सुरू होतो आणि बंद होतो. टायर बघितले, नक्षी भरपूर आहे त्यामुळे ती काळजी नाही. इथल्या एका वर्कशॉपने तीन महिन्यांनंतरची तारीख दिली आणि तासाला १८० डॉलर सांगितले, म्हणून जमेल तेवढं स्वतःच करायचं ठरवलंय. बजेट ३,००० डॉलर. बायकोने नवीन फ्लोअरिंग आणि पडद्यांचं कापड पसंत करून ठेवलंय, भिंतींनाही पांढरा रंग द्यायचाय. मी घरातली किरकोळ सुतारकामं आणि प्लंबिंग करतो, पण गाडीचं असं काम कधी केलं नाही. सुरुवात कुठून करू?

घाटवाट

सातारकर, सगळ्यात आधी अभिनंदन, कारण चांगलं आहे आणि गाडीही वाईट नाही. अमेरिकेतल्या बहुतेक जुन्या क्लास सी फोर्डच्या ई-३५० चासीवर आहेत त्यामुळे इंजिन-ब्रेकचे पार्ट गावोगावी मिळतात, तो भाग अवघड नाही. अवघड भाग मागचं घर आहे.

फ्लोअरिंग, पडदे, रंग हे तिन्ही आज बाजूला ठेवा, वहिनींना माझ्या वतीने सांगा की कापड वाया जाणार नाही. मी बारा वर्षांत अशा दोन जुन्या गाड्या उभ्या केल्यात, टेक्ससमध्ये असतो, आणि दोन्ही वेळा पाहिलं की या गाड्या इंजिनाने मरत नाहीत, पाण्याने मरतात. भिंत म्हणजे काय तर बाहेर पातळ फायबरग्लास किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा, आत दीड-दोन इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये थर्माकोल आणि आतून तीन मिलिमीटरची प्लाय. एकदा पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट नाही, पत्र्याआड लाकूड महिनोन्महिने भिजत राहतं आणि आपल्याला आतून फक्त वॉलपेपरचा एक फुगा दिसतो. वरून कीर्तन आतून तमाशा.

अंगठा घ्या आणि त्या फुग्यापासून सुरू करून चारी बाजूंना दाबत जा. चांगली भिंत टणक लागते, कुजलेली आत जाते आणि बारीक करकर आवाज येतो. जिथपर्यंत मऊ लागतं तिथपर्यंत पेन्सिलने रेघ मारा. बेडखालची प्लाय, खिडक्यांचे खालचे कोपरे, टॉयलेटच्या भोवतीची जमीन, मागच्या बंपरवरचे दोन्ही कोपरे, सगळीकडे हेच करा. नकाशा हातात आल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर उचलू नका.

मग गळती शोधायची. इथे फसगत होते ती अशी की पाणी दिसतं तिथून ते आलेलं नसतं, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. वरच्या बेडच्या कोपऱ्यात पाणी असेल तर माझा पहिला संशय कपाळावरच्या पाच केशरी दिव्यांवर, त्यांचं गॅस्केट वीस-पंचवीस वर्षांत दगड होतं आणि स्क्रूच्या भोकातून पाणी आत सरकतं. दुसरा संशय छत आणि भिंत जिथे मिळतात तिथल्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर. खात्री करायची असेल तर छताच्या व्हेंटमध्ये फॅन किंवा पाने उडवायचा ब्लोअर आत हवा जाईल असा बसवा, कडेने टेप मारा, बाकी खिडक्या-दारं-व्हेंट बंद करा आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतात. दोन माणसं आणि एक सकाळ एवढंच लागतं.

दुरुस्तीत एक गोष्ट जीव तोडून सांगतो, हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन वापरू नका. त्याच्यावर नंतर दुसरं काहीही चिकटत नाही, स्वतः सिलिकॉनसुद्धा नाही, आणि आधीच्या मालकाने मारलं असेल तर पूर्ण खरवडून काढावं लागेल. पट्टी काढून तिच्याखाली नवीन ब्युटिल टेप घालायची, ती चिकट राखाडी पुटीसारखी असते, स्टेनलेसचे स्क्रू लावायचे आणि मग वरून छतासाठीचं लॅप सीलंट. आडव्या जागी स्वतः पसरणारं घ्यायचं, उभ्या जागी न ओघळणारं, हे दोन वेगळे प्रकार असतात, डायकॉर कंपनीचं मिळतं सगळीकडे. छतावरच्या लांब सांध्याला इटर्नाबाँड टेप उत्तम पण ती एकदा टेकली की परत उचलता येत नाही, त्यामुळे दोघांनी मिळून लावा. रबरी छत असेल तर साफ करायला पेट्रोल, रॉकेल, थिनर असलं काही वापरू नका, रबर फुगतं. साधा साबण.

आणि खिडकीच्या खालच्या चौकटीला बारीक खाचा दिसतील त्या बुजवू नका!! आत शिरलेलं पाणी बाहेर जायची तीच वाट आहे. माझ्या पहिल्या गाडीच्या आधीच्या मालकाने त्या सगळ्या नीट भरून टाकल्या होत्या आणि ते पाणी सगळं भिंतीत उतरलं.

लेस्टरकर

घाटवाट यांनी सांगितलंय त्याला एक जोड. इकडे इंग्लंडमध्ये जुन्या मोटरहोमची दरवर्षी हॅबिटेशन चेक करून घ्यायची पद्धत आहे, म्हणजे एमओटीपेक्षा (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे का याची वार्षिक चाचणी) वेगळी, फक्त घराच्या भागाची तपासणी, गॅस, वीज, पाणी आणि ओल. त्यात ओलीचे आकडे लिहून देतात. दोन टोकदार पिना असलेला मॉइश्चर मीटर असतो, भिंतीला टोचायचा, स्वस्तात मिळतो. साधारण १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० असेल तर लक्ष ठेवायचं, २० च्या वर गेलं की शोध घ्यायचा आणि ३० च्या वर म्हणजे लाकूड बिघडायला लागलंच असं धरून उघडायचं. सातारकरदादा, तुम्ही अंगठ्याने जो नकाशा कराल त्यावर हे आकडे लिहून ठेवा आणि दुरुस्तीनंतर दर महिन्याला त्याच जागी परत टोचून बघा, आकडा उतरत गेला तर काम बरोबर झालं.

आमची १९९८ ची आहे, मी आणि नवरा दोघांनी मिळून मागची भिंत केली. पहिल्या वेळी आमची चूक झाली ती सांगते म्हणजे तुमची होऊ नये. बाहेरून सगळं छान सील केलं, गळती थांबली, खूश झालो. पण आतलं लाकूड ओलंच होतं, ते आम्ही आत कोंडून टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात भिंतीला असा वास यायला लागला की माझ्या मुलीला खोकला सुरू झाला, शेवटी सगळं परत उघडलं आणि आधीच्यापेक्षा दुप्पट लाकूड बदलावं लागलं. त्यामुळे उघडल्यावर वाळू द्या. आत डीह्युमिडिफायर आणि एक साधा पंखा लावून ठेवा, आठवडा लागो की तीन आठवडे, मीटर १५ च्या खाली आल्याशिवाय बंद करू नका. कोकणात माझी आजी पावसाळ्यानंतर कपाटं उघडी टाकून आठ दिवस उन्हं द्यायची, कपड्यांना हात लावू द्यायची नाही. तेच इथे.

पंप रात्री आपोआप चालतो म्हणजे कुठेतरी दाब उतरतोय, एकतर पंपाचा झडपेचा वॉशर किंवा खरंच गळती. टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक जोडावरून फिरवा, डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर लगेच उमटतो. पाइप कुठल्या रंगाचे आहेत ते कळवा.

कोल्हापुरी_रांगडा

राम राम सातारकर. मी ओहायोमध्ये ट्रकच्या मेंटेनन्समध्ये आहे, एकवीस वर्षं झाली. छताचं वर दोघांनी व्यवस्थित सांगितलंय, मी त्यात पडत नाही. पण तुम्ही एक वाक्य लिहिलंय ते वाचून हातातला चहा खाली ठेवला, "नक्षी भरपूर आहे त्यामुळे ती काळजी नाही". दादा हीच काळजी आहे. मोटरहोमचे टायर झिजून कधीच संपत नाहीत, वर्षाला हजार-दोन हजार मैल चालते गाडी, बाकी वेळ एका जागी वजन घेऊन उभी. रबर वयाने जातं. टायरच्या भिंतीवर डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. कधीकधी तो आकडा आतल्या बाजूला असतो, गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा पण वाचा. सहा-सात वर्षांच्या वर गेलेला टायर मी माझ्या आईवडिलांना बसवून हायवेवर नेणार नाही, कितीही नवा दिसू दे. मागे जोडटायर आहेत, आतला फुटला की त्याचे पट्टे फटके मारत वरची जमीन, पाण्याचे पाइप, वायरिंग सगळं फाडून काढतात. तुमच्या ३,००० मधले पहिले हजार-बाराशे सहा टायरांना, मग बाकीचं.

दुसरं रबर म्हणजे होस. ब्रेकचे रबरी होस बाहेरून चांगले दिसतात पण आतून फुगून बंद होतात, मग ब्रेक दाबला की लागतो पण सोडला तरी सुटत नाही, चाक गरम होतं. तीस वर्षांचे असतील तर न बघता बदला, फार महाग नाहीत. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, ते पूर्ण काढून नवीन भरा. पेट्रोलचे होस पण, त्या काळातल्या रबराला हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल झेपत नाही, चिरा जातात, आणि हे इंजिन फ्युएल इंजेक्शनचं असणार म्हणजे दाब जास्त. नवीन होसवर एसएई ३०आर९ छापलेलं असेल तोच घ्या. जनरेटरला जाणारी पेट्रोलची नळी विसरू नका, ती बहुतेक सगळे विसरतात.

बाकी जनरेटर महिन्यातून एकदा तास-दोन तास चालवा, नुसता नाही, एसी लावून. नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा गोंद होतो.

घाटवाट

कोल्हापुरींशी पूर्ण सहमत, टायर माझ्याही यादीत गळतीच्या आधी यायला हवे होते.

फ्रीजबद्दल राहिलं होतं. तो अमोनियाचा अॅब्सॉर्प्शन फ्रीज आहे, त्याला कॉम्प्रेसर नाही, उष्णतेने आतलं द्रव्य फिरतं. विजेवर गार होतोय म्हणजे आतली नळ्यांची रचना जिवंत आहे, बिघाड फक्त गॅसच्या बाजूला. बाहेरून जाळी काढा, बर्नर दिसेल, त्याच्या वरच्या धुराड्यात गंजाचे पापुद्रे आणि कोळ्याची जाळी पडलेली असतात. गॅस बंद करून, गार झाल्यावर ब्रश आणि हवेने साफ करा. ज्योत निळी आणि सरळ हवी. आणि फ्रीज चालू असताना गाडी सपाट जागी उभी हवी, तिरकी ठेवून तासन्तास चालवला तर तो कायमचा जातो. अमोनियाचा वास आला किंवा मागे पिवळी पूड दिसली तर त्याच क्षणी बंद, परत लावायचा नाही.

गॅसच्या लाइनला मात्र स्वतः हात लावू नका. प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडून प्रेशर टेस्ट करून घ्या. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म नवीन घ्या, त्यांचं आयुष्य पाच-सात वर्षांचं असतं, टेस्टचं बटण दाबल्यावर वाजतो म्हणजे सेन्सर शाबूत आहे असं नाही.

सातारकर_लान्सिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तीन वीकेंड काम केलं, आता सांगतो काय सापडलं.

टायरवर ३१११ आहे. २०११!! सहाच्या सहा. विकणाऱ्या काकांनी "जवळजवळ नवीन आहेत" म्हणून सांगितलं होतं आणि त्यांचंही चुकलं नाही, त्यांना तसंच दिसत होतं. नवीन टायर ऑर्डर केले, ब्रेक आणि पेट्रोलचे होस गावातला एक मेकॅनिक करून देतोय.

साबणाच्या पाण्याची युक्ती रविवारी केली. शेजाऱ्याचा ब्लोअर आणला, मुलगा बाटलीने फवारत होता, आणि डावीकडून दुसऱ्या दिव्याच्या खाली फेस यायला लागला, शिवाय कोपऱ्याच्या पट्टीच्या वरच्या टोकाला. पट्टीतली व्हिनाइलची फीत ओढून काढली तर खालचे स्क्रू निम्मे गंजून उडालेले, तिसऱ्या स्क्रूला ड्रायव्हर लावल्यावर तो फिरलाच नाही, नुसता बोटांनी ओढला तसा बाहेर आला आणि त्याच्याबरोबर लाकडाचा भुसा. आतली खालची आडवी पट्टी साधारण १४ इंच पूर्ण गेलीय, हातात घेतल्यावर भिजलेल्या भाकरीसारखी तुटत होती, काळी आणि आंबूस वास. पण त्याच्या पुढे एकदम कडक पिवळं लाकूड लागलं, तिथे पेचकस जात नाही. मीटरवर कोपऱ्यात ३८, दोन फूट अलीकडे १३. म्हणजे वेळेत उघडलं असं म्हणता येईल ना? सध्या पंखा आणि डीह्युमिडिफायर चालू आहे, लेस्टरकरताई, तुमचं वाचलं नसतं तर मी त्याच संध्याकाळी सील करून मोकळा झालो असतो.

पाइप राखाडी आहेत. सिंकखाली एका जोडावर टिश्यू ओला झाला.

लेस्टरकर

वेळेतच उघडलंत! १४ इंच म्हणजे काही नाही, आमचं पाच फूट होतं. कुजलेला भाग चांगल्या लाकडात दोन-तीन इंच आतपर्यंत कापा, नवीन तुकड्याला चारी बाजूंनी आणि खास करून कापलेल्या टोकांना सीलर लावा, आणि जोडाच्या मागे एक आधाराची पट्टी गोंद आणि स्क्रूने बसवा.

घाटवाट

राखाडी म्हणजे पॉलिब्युटिलीन. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत घरांत आणि मोटरहोममध्ये सर्रास वापरायचे, नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ते आतून ठिसूळ होतात म्हणून नंतर बंद झाले. एक जोड दुरुस्त कराल तर पुढचा जाईल. २७ फुटांच्या गाडीत एकूण पाइप फार नसतो, अर्ध्या इंचाचा पेक्स, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा पाइप, आणि तो जोडावर आवळायच्या क्रिंप रिंगा आणून सगळंच बदला, तुम्ही घरचं प्लंबिंग करता म्हणजे दोन दिवसांचं काम. कॅम्पग्राउंडच्या नळाला जोडताना मध्ये प्रेशर रेग्युलेटर लावा, ४५-५० पीएसआयचा, काही ठिकाणी दाब भयंकर असतो. टाकी धुवायला दर १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच घालून सगळ्या नळांतून थोडं सोडा, रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने काढा, तरच आईंना त्या पाण्याचा चहा करू द्या.

आणि मिशिगन आहे म्हणून आत्ताच लिहून ठेवा, ऑक्टोबरमध्ये सगळं पाणी काढून गिझरला बायपास करून गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (मोटरहोमच्या पाइपांत भरायचं, न गोठणारं द्रव्य) प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत फिरवायचं, शॉवर आणि टॉयलेट धरून. गाडीच्या इंजिनातलं हिरवं नाही, ते विषारी असतं.

सातारकर_लान्सिंग

पेक्स आणलाय. लाकूड काल १४ वर आलं, अजून चार दिवस देतो. बर्नर साफ केला, धुराड्यातून मूठभर गंज आणि एक जुनं गांधीलमाशीचं घरटं निघालं, आता गॅसवर रात्रभरात फ्रीज ३८ फॅरनहाइटवर आला. बायको म्हणाली पडदे मात्र आई-बाबा यायच्या आधी लावायचेच, ते तिच्याकडे सोपवलंय. एक शेवटचं विचारतो, लेक सुपीरियरकडे वर जाताना मॅकिनॉ ब्रिज हा लांब पूल लागतो, त्याच्यावरून ही गाडी न्यायला काही हरकत?

कोल्हापुरी_रांगडा

काही हरकत नाही, पाच मैलांचा पूल आहे, १९५७ पासून ट्रक जातायत त्याच्यावरून. फक्त वारा बघा. तुमची गाडी उंच आणि चपट्या बाजूंची, वाऱ्याला भिंतीसारखी आडवी येते. वारा वाढला की पुलावर उंच गाड्यांना थांबवून एस्कॉर्टबरोबर सोडतात, निघायच्या आधी पुलाच्या अथॉरिटीची सूचना बघायची. मधल्या भागात एक लेन लोखंडी जाळीची आहे, टायरचा आवाज बदलतो आणि गाडी किंचित डोलते, बाहेरची डांबरी लेन धरा. सकाळी लवकर निघा, तेव्हा वारा कमी असतो बहुतेक. आणि निघायच्या आधी टायर थंड असताना सहाही चाकांची हवा बघा, आतल्या दोघांना व्हॉल्व्हची एक्स्टेन्शन लावून घ्या म्हणजे दर वेळी खाली झोपावं लागणार नाही. पाणी, सामान, माणसं सगळं भरून एकदा ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करा आणि दाराजवळच्या पाटीवरचा आकडा ओलांडत नाही ना ते बघा. बाबांना मागे सोफ्यावर बसवणार असाल तर तिथला सीटबेल्ट ओढून बघा आधी, त्याचं कापड पण तीस वर्षांचं आहे.